पूजेत बसलेलं ड्रिल

यजमान जाऊन आठ महिने झाले. त्यांचे कपडे मी महिन्याभरात देऊन टाकले, चष्मा कपाटात ठेवला. हत्यारांच्या पिशवीजवळ मात्र हात थांबला. रोज त्यातलं एक हत्यार काढायचं, पुसायचं आणि त्याच्याबद्दल जे आठवेल ते वहीत लिहायचं, असं मी ठरवलं. कधी पान होतं, कधी चार ओळी. घाई कसलीच नाही. लिहिताना डोळे भरून येतील असं वाटलं होतं, पण बहुतेक वेळा हसूच येतं. कारण या पिशवीमागोमाग शेजारचे भाऊजी येतात, आणि ते आले की आमच्या घरात गंभीरपणा फार वेळ टिकत नसे.

मी लग्न होऊन पिंपरीला आले तेव्हा कारखान्यांच्या भिंती एकेक करून उभ्या राहत होत्या. हे एका कंपनीत वायरमन होते. मी प्राथमिक शाळेत शिकवत असे. भिंतीला भिंत लागून असलेल्या खोलीत कोकणातून आलेलं एक कुटुंब राहत होतं. त्या घरचे फिटर, म्हणजेच भाऊजी, यांच्याच कंपनीत, यांच्याच शिफ्टला. आम्ही बौद्ध, ते गणपती-गौरी करणारे. पण दोन्ही घरांत कढी एकाच पातेल्यातली असायची. गुरुवारी कंपनीला सुट्टी. त्या दिवशी हे दोघे सायकली काढून बाहेरची कामं करायला जात. चिखलीला कुणाच्या नव्या घराची वायरिंग, पुनावळ्याला कुणाच्या गोठ्याचं दार, देहूच्या रस्त्याला एखाद्या पिठाच्या गिरणीचा पट्टा.

हत्यारं कशी बाळगावीत यावरचा दोघांमधला वाद पहिल्या गुरुवारपासूनच सुरू झाला असावा. भाऊजींची हत्यारं पत्र्याच्या पेटीत असत. पेटी सायकलच्या कॅरिअरला ट्यूबच्या पट्टीने बांधलेली. रस्त्यात खड्डा आला की सगळी हत्यारं एकदम बोलत. भाऊजी कोपऱ्यावर वळले की त्यांची बायको इकडे चहाचं आधण ठेवी. पेटीचा फायदा ते असा सांगत, की काम करताना तिच्यावर उभं राहता येतं, जेवताना बसता येतं, आणि कुणाची छाती नाही त्यातलं काही न कळत उचलायची.

यांची पिशवी जाड कॅनव्हासची. कंपनीच्या भंगारातून मिळालेलं कापड, पिंपरीतल्या चांभाराने मेण लावलेल्या दोऱ्याने शिवलेलं. बूड मोटारीच्या टायरचं, मुठी मशीनच्या जुन्या पट्ट्याच्या. आतले कप्पे मी शिवले, यांच्या फाटलेल्या खाकी पँटचे. त्या वेळी मी शाळेच्या पुस्तकांच्या कपाटाला नंबर घालत होते. तोच उत्साह इथेही आला. धार असलेली हत्यारं एका बाजूला, मोजायची एका बाजूला, पकडायची मध्ये, आणि प्रत्येक कप्प्यावर दोऱ्याने आकडा. यांनी पिशवी बघितली, छान झाली म्हणाले, आणि दुसऱ्या गुरुवारी सगळी हत्यारं हलवून टाकली. टेस्टर छिन्नीशेजारी, पक्कड टेपशेजारी. मला राग आला. तेव्हा त्यांनी मला पिशवी खांद्याला लावायला सांगितली, डोळे मिटायला सांगितले आणि हात आत घालायला लावला. पहिल्यांदा हाताला आला तो टेस्टर. शिडीवर उभं असताना खाली बघता येत नाही, म्हणून जे आधी लागतं ते आधी हाताला यायला हवं, असं ते म्हणाले. तेव्हापासून शाळेचं कपाटही मी मुलांचा हात कुठवर पोहोचतो ते बघून लावू लागले.

भोकं पाडायला दोघांकडेही हातड्रिल होतं. दात्यांचं चाक, त्याला बाजूने फिरवायची मूठ आणि वर छातीने दाब द्यायला लाकडी गोळा. विजेचं ड्रिल कंपनीत होतं, पण ते गेटबाहेर आणायची परवानगी नव्हती. आणलं असतं तरी त्याची वायर कुठे जोडणार? ज्या घरात वीज आणण्यासाठी हे जात, तिथे ती अर्थातच अजून आलेली नसे.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. भाऊजींचा मेव्हणा आखातात नोकरीला होता. तो सुट्टीवर आला आणि त्यांच्यासाठी बॅटरीवर चालणारं बिनवायरचं ड्रिल घेऊन आला. तसली वस्तू आमच्या वस्तीत कुणी पाहिली नव्हती. पिस्तुलासारखा आकार, मुठीत सरकवायची लांबट बॅटरी, ती भरायला वेगळा डबा, आणि हे सगळं ठेवायला निळ्या रंगाची चेनची बॅग. बॅगेला बाहेरून नऊ कप्पे होते. त्या कप्प्यांच्या मापाची हत्यारं भाऊजींकडे नव्हती, म्हणून एकात कंगवा गेला, एकात तंबाखूची डबी आणि एकात पंचांग. पत्र्याची पेटी त्यांनी बायकोला डाळी ठेवायला दिली.

मग दर गुरुवारी दोघांची तुलना सुरू झाली, आणि मी ती मन लावून ऐकत असे. लाकडात बिनवायरचं ड्रिल खरंच सुरेख चाले. पुनावळ्याला एका बांधकामावर, जिथे खांबसुद्धा आले नव्हते, तिथे त्याने सबंध दाराचे स्क्रू बसवले. हे घरी येऊन स्वतःहून सांगत होते की मनगट अजिबात दुखलं नाही. पण दगडी भिंतीला टेकवलं की ते कण्हायला लागे आणि टोकाचं बिट तापून निळं पडे. तिथे यांची छिन्नी आणि हातोडीच लागे. शिवाय तासभर काम झालं की त्याचा जीव जाई आणि पुन्हा भरायला रात्र लागे. हे म्हणत, माझं ड्रिल भाकरीवर चालतं. त्यावर भाऊजी म्हणत, म्हणून तर तुमचं जेवण झाल्याशिवाय भोक पडत नाही.

आता मूळ गोष्टीकडे येते.

विहाराला लागून वस्तीने श्रमदानातून एक खोली बांधली होती. तिथे सगळ्यांसाठी वाचनालय करायचं माझ्या मनात होतं. दोन वर्षं मी पुस्तकं जमवत होते. रद्दीवाल्याकडून, शाळेतल्या बाईंकडून, बदली होऊन जाणाऱ्या बिऱ्हाडांकडून. चारशेच्या वर झाली होती आणि चहाच्या खोक्यांतून आमच्या पलंगाखाली होती. पण वस्तीच्या कमिटीच्या अध्यक्षांना ती खोली रेशनच्या धान्यासाठी हवी होती. त्यांचंही चूक नव्हतं, रेशनचं दुकान फार लांब होतं आणि बायकांना ओझं घेऊन चालावं लागे. शेवटी त्यांनी मला विजयादशमीपर्यंतची मुदत दिली. त्या दिवशी विहारात वंदनेला वस्तीतली सगळी बौद्ध घरं जमतात. वंदना संपेल तेव्हा पुस्तकं फळ्यांवर लागलेली असली तर खोली वाचनालयाची. नाही तर दुसऱ्या दिवशी पोती येणार. खोक्यांतली पुस्तकं जमिनीवर मांडून चालेल का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "बाई, जमिनीवर मांडलीत तर पहिलं सभासदत्व वाळवीला द्यावं लागेल."

फळ्या मिळाल्या त्या परदेशी मशीन ज्या खोक्यांतून येत त्यांच्या. भंगारवाल्याकडून आणलेलं चांगलं, वाळलेलं लाकूड. यांनी तीन गुरुवार घालून भिंतीत छिन्नीने भोकं पाडली, लाकडी गुल्ल्या ठोकल्या आणि लोखंडी ब्रॅकेट बसवले. पाणसळ लावून, एक केसभर इकडे नाही की तिकडे नाही. उरलं काम फळ्यांचं. बारा फळ्या, प्रत्येकीला आठ भोकं. भोक न पाडता स्क्रू घातला तर ते वाळलं लाकूड सरळ चिरत जाई, तो प्रयोग आम्ही एका तुकड्यावर करून पाहिला होता.

हे म्हणत होते की थोडं थोडं रोज संध्याकाळी करून टाकू. पण दिवाळीआधीचा ओव्हरटाइम सुरू झाला होता आणि भाऊजींनी छातीवर हात ठेवून सांगितलं की फळ्या माझ्यावर सोडा. बिनवायरच्या ड्रिलला तासाभराचं काम. दसऱ्याच्या सकाळी, चांगल्या मुहूर्तावर, सगळ्या वस्तीसमोर करतो. त्यांना ते ड्रिल चारचौघांत चालवायचं होतं, हे उघड होतं. मला धाकधूक होती, पण त्या यंत्राने दारं बसवल्याचं मी ऐकलं होतं. मी हो म्हटलं. यांनी माझ्याकडे फक्त एकदा बघितलं.

विजयादशमीला सकाळी आठ वाजता आम्ही खोलीसमोरच्या लिंबाखाली फळ्या विटांवर आडव्या टाकल्या. खुणा मी पेन्सिलीने आदल्या दिवशीच केल्या होत्या. वंदना नऊ वाजता सुरू होणार होती, आणि मग प्रवचन वगैरे धरून साडेअकरापर्यंत आटपणार होती. भाऊजी नवा शर्ट घालून, निळी बॅग खांद्याला लावून आले. ड्रिलला झेंडूची माळ होती, नाकावर हळदीकुंकू होतं. त्यांनी ते फळीला टेकवलं आणि बोट दाबलं. ड्रिल तीन वेळा फिरलं, एकदा घरघरलं आणि थांबलं.

त्यांनी बॅटरी काढली, शर्टाला पुसली, परत घातली. काही नाही.

"भरली होती ना?" यांनी विचारलं.

भाऊजींनी ड्रिलवरची माळ सरळ केली. मग हळूच म्हणाले, "काल खंडेनवमी होती, राव."

मला काही कळेना. यांना मात्र कळलं. खंडेनवमीला हत्यारं पूजेला बसतात आणि पूजेला बसलेल्या हत्याराला दुसऱ्या दिवशीपर्यंत कुणी हात लावत नाही. भाऊजींच्या घरी हा नियम कडक. त्यांच्या बायकोने पाटावर सगळं मांडलं होतं, ड्रिल मध्ये, उजवीकडे बॅटरी, डावीकडे बॅटरी भरायचा डबा, प्रत्येकावर एकेक फूल. त्याआधीच्या दोन दिवसांत अर्ध्या वस्तीला ड्रिल चालवून दाखवल्यामुळे बॅटरी आधीच रिकामी झालेली. आणि भरायचा डबा स्वतःच देवापुढे बसलेला. भाऊजी सबंध दिवस त्याच्यासमोर येऊन नमस्कार करून जात होते, पण त्याची वायर भिंतीत घालायची म्हणजे पूजा मोडायची, ते त्यांच्याने होणं शक्य नव्हतं.

विहारात किंवा खोलीत वीज नव्हती, आणि असती तरी बॅटरी भरायला आठ तास लागले असते. मी पायरीवर बसले. माझ्या डोळ्यांपुढे ज्वारीची पोती येऊ लागली. अध्यक्ष पांढऱ्या कपड्यांत विहाराच्या दारात उभे होते. त्यांनी आमच्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं आणि सभ्यपणे आत गेले.

यांनी पिशवी उघडली, न बघता हात घातला, हातड्रिल काढलं आणि पहिल्या खुणेवर टेकवून मूठ फिरवायला लागले. आमच्या घरी हत्यारांची पूजा नसे. खंडेनवमीच्या सुट्टीत हे सगळ्यांना फक्त तेल घालत, त्यामुळे ड्रिल लोण्यासारखं फिरत होतं. एक भोक पडलं. मी मनात हिशोब केला. एका हाताने शहाण्णव भोकं, त्यात या लाकडाला दगडासारख्या गाठी. संध्याकाळ झाली असती.

भाऊजी उभे राहून बघत होते. कान लाल झालेले. मग त्यांनी निळी बॅग माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "वहिनी, ही सांभाळा. मी येतो." आणि चालते झाले.

ते कुठे गेले ते मला नंतर कळलं. आमची वस्ती कारखान्यात राबणाऱ्यांची. दर दोन घरांआड एक हातड्रिल असणारच. पण त्या सकाळी त्यातली बहुतेक पाटावर, फुलांखाली होती. कुणाकडे पूजा सकाळी उचलत, कुणाकडे संध्याकाळी सोनं लुटून आल्यावर. भाऊजी पहिल्या दारात उभे राहिले आणि ड्रिल मागितलं तेव्हा त्यांना तोच नियम ऐकवण्यात आला जो त्यांनी स्वतः काल पाळला होता. आपल्या घरच्या पूजेपायी काय घडलं, ते त्यांनी न लपवता सांगितलं. मग म्हणाले, आज तुमच्या पोरांनी पाटीवर सरस्वती काढून तिलाही फूल वाहिलंय ना? तिच्याच घराच्या फळ्या आहेत. हत्यार तिच्या कामाला उठलं तर कोणता देव रागावेल?

पहिल्या दोन घरांत ऐकून घेतलं, पण कुणी हललं नाही. तिसरं घर मूळच्या गावकऱ्यांचं. तिथल्या म्हाताऱ्या आजी दारातच रांगोळी घालत बसल्या होत्या. मुलगा फिटर, त्याचं ड्रिल पाटावर. आजी वस्तीत सगळ्यांत सोवळ्या म्हणून प्रसिद्ध. त्यांनी भाऊजींचं सगळं बोलणं ऐकलं आणि विचारलं की पुस्तकं कोण वाचणार. सगळेच, भाऊजी म्हणाले. माझी नात वाचंल का, आजींनी विचारलं. तिच्यासाठीच तर, भाऊजी म्हणाले. ते खोटं नव्हतं, ती माझ्याच वर्गात होती.

आजी उठल्या. पाटापाशी जाऊन हात जोडले, पाट जरासा हलवला आणि ड्रिल उचलून भाऊजींच्या हातात दिलं.

"फूल काढू नगा," त्या म्हणाल्या. "फुलासकट न्या. म्हंजी पूजा मोडली न्हाई, नुसती चालत गेली."

हे वाक्य भाऊजींच्या आधी पुढच्या गल्लीत पोहोचलं. आजींनी दिलं म्हटल्यावर कुणाची हरकत उरली नाही. साडेनवाच्या सुमाराला मी मान वर केली तर गल्लीच्या तोंडाशी भाऊजी, आणि त्यांच्या मागे माणसंच माणसं. प्रत्येकाच्या हातात ड्रिल, कुणाकडे सुताराचं गिरमिट, आणि सगळ्यांना झेंडू. एकाने तर पाटाखालचा लाल कपडाही सोबत आणला होता, आईने निक्षून सांगितलं होतं म्हणून.

यांनी मान न उचलता विचारलं, "किती आणलीत?"

"अकरा," भाऊजी म्हणाले. "आणि एकालाही बॅटरी नाय."

यांना हसू आवरेना, ड्रिल हातातून सुटलं. मग एका फळीवर एक माणूस, अशी बारा फळ्यांना बारा माणसं बसली. विहारातून वंदनेचे शब्द येत होते आणि लिंबाखाली बारा चाकं फिरत होती. आपापसात बोलणं चालूच. कुणाचं बिट बोथट आहे, कुणाची फळी गाठींची आली, कुणी मुद्दाम मऊ फळी निवडली. एकाचं ड्रिल लहान पडलं म्हणून शेजाऱ्याने त्याला, हे काय आंब्याच्या कोयीला भोक पाडायला ठेवलंस का, असं विचारलं. लाकडाचा भुसा आणि झेंडूच्या पाकळ्या एकत्र पडत होत्या. मी खुणा दाखवत, स्क्रू मोजून देत इकडून तिकडे फिरत होते. मला एवढा आनंद फार थोड्या वेळा झाला आहे.

भाऊजींकडे ड्रिल नव्हतं. ते भोकं पडलेली फळी उचलून आत न्यायचे आणि यांच्यासोबत ब्रॅकेटवर धरून ठेवायचे. यांची फळी आधीच झाली होती, त्यामुळे हे स्क्रू पिळायचे. साडेअकरा वाजून गेले तरी प्रवचन लांबलं, ते आमच्या भाग्याने. शेवटच्या फळीची दोन भोकं बाकी असताना अध्यक्ष बाहेर आले. ती फळी ज्याची होती त्याच्या तळहाताला फोड आला होता. अध्यक्षांनी पांढऱ्या शर्टाच्या बाह्या वर सरकवल्या आणि ड्रिल त्याच्याकडून घेतलं. तरुणपणी तेही फिटर होते, हे मला तेव्हाच समजलं. त्यांनी दोन्ही भोकं पाडली, फुंकर मारून भुसा उडवला आणि तापलेल्या बिटाला लागलेलं बोट जिभेवर टेकवून थंड केलं. "मी पोत्यांचं दुसरीकडे बघतो," एवढंच ते म्हणाले.

लोक वंदनेहून बाहेर आले तेव्हा आम्ही पुस्तकं लावत होतो. खोक्यांतून फळीवर, हाताहाताने. क्रम लागला नाही, इतिहासात कविता गेली. ते मी नंतर करणार होते.

दुपारी गर्दी ओसरल्यावर भाऊजी एक लहानशी पुस्तिका घेऊन आले. ड्रिलच्या खोक्यात निघालेली, इंग्रजीत. घडीसुद्धा मोडलेली नव्हती. मी ती मराठीत वाचून दाखवली. तिच्या दुसऱ्या पानावर लिहिलं होतं, की कामाच्या आदल्या रात्री बॅटरी भरून ठेवावी. भाऊजी म्हणाले, त्यांच्याकडे खंडेनवमी नसेल. मग ती पुस्तिका त्यांनी वाचनालयाला देऊन टाकली.

ते ड्रिल पुढे पुष्कळ वर्षं चाललं. नंतर हेही कधी कधी ते मागून नेत, फक्त लाकडाच्या कामाला. दगडाला नाही. दर वर्षी खंडेनवमीला ते पाटावर बसायचं, पण भाऊजींच्या बायकोने बॅटरीला आणि तिच्या डब्याला पूजेतून सूट दिली. त्यांना फूल वाहायच्या, मात्र भिंतीत वायर घातल्यावर.

वाचनालय लागलं त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी वहीत नावं लिहीत होते. आजींची नात सगळ्यांत आधी आली आणि एका वेळी एकच पुस्तक मिळेल म्हटल्यावर सगळ्यांत जाड पुस्तक घेऊन गेली. मग ड्रिल आणणारे आले, त्यांच्या बायका आल्या, सोनं द्यायला निघालेले लोक जाता जाता आले. पाच वाजता हे चहा घेऊन आले तेव्हा मधली एक फळी पार रिकामी झाली होती. हे तिच्यासमोर उभे राहिले. सकाळपासूनच्या घामाची ती फळी, तिच्यावर एक पुस्तक नाही. चेहरा पडला.

"एवढ्या खटपटीने बसवली, आणि मोकळीच दिसते की गं," ते म्हणाले.

मी वही त्यांच्यासमोर धरली. त्यांनी नावं वाचली, बोट ठेवून, वरून खालपर्यंत. मग त्या रिकाम्या फळीवर तळहात ठेवून थोडा दाब दिला, हलते का ते पाहायला. हलली नाही.